व्हाउचर नसलेली घंटा

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. माझ्या धाकट्या भावाची मुलगी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. (आमच्या वेळचे डी.एड. ते हेच. नाव लांबले, नोकऱ्या मात्र आखडल्या.) ३ जानेवारीला, बालिका दिनी, सराव शाळेत सातवीच्या वर्गापुढे तिला सावित्रीबाई फुल्यांवर पाठ घ्यायचा होता. शाळा नगर जिल्ह्यातली, मुले नगर जिल्ह्यातली. तेव्हा सावित्रीबाईंचे नगरशी असलेले नाते सांगावे, असे तिने ठरवले होते. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी आमच्या पिढीच्या तोंडी नगरच बसलेले आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

संध्याकाळी चहाच्या वेळेला ती पाठाचे टाचण घेऊन आली.

"काका, एकदा ऐका ना. भाषा तेवढी बघा."

भाषा चांगली होती. मुलगी वाचत होती आणि मी मान डोलावत होतो. नायगावचा जन्म झाला, विवाह झाला, जोतीरावांनी घरी दिलेले धडे झाले. मग गाडी नगरला आली. "प्रशिक्षण पूर्ण करून सावित्रीबाई पुण्याला निघाल्या, तेव्हा फरारबाईंनी आपल्या वर्गातली पितळी घंटा त्यांच्या हाती दिली. हीच घंटा पुढे भिडेवाड्यात वाजली आणि स्त्रीशिक्षणाची पहाट झाली."

मी कप खाली ठेवला.

"ही घंटा तुला कुठं मिळाली?"

"नेटवर आहे काका. तीन-चार ठिकाणी आहे. एका ठिकाणी तर फोटोसुद्धा आहे."

फोटोसुद्धा आहे हे ऐकून मला हसावे की रडावे ते कळेना. कारण ती घंटा कधीच नव्हती. ती मी केली होती. बँकेत असताना लिहिलेल्या माझ्या एका कादंबरीत, त्या काळातल्या नगरचे एक प्रकरण आहे. दोन बायकांच्या निरोपाचा प्रसंग लिहायचा होता आणि हातात द्यायला काही तरी वस्तू हवी होती. पुस्तक द्यावे तर फार सरळ, शाल द्यावी तर फार देशी. त्या वेळी माझ्या टेबलावर शिपायाला बोलवायची बँकेची पितळी घंटा होती. तिच्याकडे नजर गेली आणि मी ती फरारबाईंच्या हातात दिली. इतकाच त्या घंटेचा इतिहास.

कादंबरी फार खपली नाही. घंटा मात्र खपली.

ती कशी खपली, हे आम्ही दोघांनी त्या रात्री बसून काढले. पुतणीचा मोबाइल आणि माझा चष्मा, एवढ्या सामग्रीवर. एका संस्थेच्या स्मरणिकेत कुणी लेखकाने माझ्या कादंबरीचा उल्लेख करून तो प्रसंग दिला होता. त्याचे काही चुकले नव्हते, त्याने 'कादंबरीत असे रंगवले आहे' असे स्पष्ट म्हटले होते. पुढच्याने 'रंगवले आहे' गाळले आणि 'असे म्हणतात' घातले. त्याच्या पुढच्याने 'असे म्हणतात' हेही गाळले. व्हॉट्सअ‍ॅपवर तो मजकूर फिरताना त्याला पहाट जोडली गेली. मग कुणी तरी त्याला घंटेचे चित्र लावले. पुतणीने ते चित्र उलट शोधून पाहिले (चित्रच देऊन ते आणखी कुठे कुठे आहे ते शोधता येते, ही विद्या मला तिने शिकवली), तर ते पितळी वस्तू विकणाऱ्या एका दुकानाच्या जाहिरातीतले निघाले. तीन-चार ठिकाणे म्हणून जी ती सांगत होती, ती तीन-चार नव्हतीच. एकच ठिकाण होते, चार तोंडांनी बोलणारे.

आता इथे मला माझीच एक जुनी फजिती सांगितली पाहिजे. एका शाखेत मी पासिंग ऑफिसर होतो. महिन्याची सुरुवात, काउंटरवर ही गर्दी. एक पैसे काढण्याची स्लिप समोर आली. तिच्यावर आधीच दोघांच्या आद्याक्षऱ्या होत्या. दोघांनी पाहिले आहे म्हटल्यावर मी नमुना सहीचे कार्ड न काढताच तिसरी आद्याक्षरी ठोकली. सही खोटी होती. चौकशीत कळले की दुसऱ्याने पहिल्याची आद्याक्षरी पाहून केली होती आणि पहिल्याने, आपल्या पुढे दोघे पाहणारे आहेतच, या भरवशावर. तिघांच्या सह्या, आणि कार्ड एकानेही काढलेले नाही. रक्कम मोठी नव्हती, वसूलही झाली. पण खातेदार म्हातारी होती आणि ती माझ्या टेबलासमोर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सायेब, तुमी बगितलं व्हतं ना?" हे वाक्य मला अजून ऐकू येते.

म्हणून मी पुतणीला म्हटले, "चार ठिकाणी आहे, म्हणजे चार आद्याक्षऱ्या आहेत. कार्ड कुणी काढलंय का ते सांग."

तिने जे उत्तर दिले त्याने मला खरा धक्का बसला. ती म्हणाली, "मग काका, फातिमा शेखही खोटीच ना? ते तर लिहिणारा स्वतःच म्हणाला होता."

ज्यांना ते प्रकरण आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीतल्या एका नामवंत पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की सावित्रीबाईंची सहकारी शिक्षिका म्हणून सांगितली जाणारी फातिमा शेख हे आपणच रचलेले पात्र आहे, ती कधी नव्हतीच. तीन वर्षांपूर्वी, ९ जानेवारी २०२२ ला, गूगलने आपल्या पहिल्या पानावर तिचे चित्र लावून तिचा जन्मदिन साजरा केला होता. एकदम सगळा गदारोळ. घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत दोन तट पडले. आमच्या पेन्शनरांच्या गटातही पडले, आणि त्यात ज्यांनी सावित्रीबाईंची एक ओळ कधी वाचली नव्हती ते सर्वांत मोठ्याने बोलत होते.

मुलीचा तर्क सरळ होता. काकांनी घंटा रचली हे काका स्वतः सांगतात, म्हणून घंटा खोटी. त्याने फातिमा रचली हे तो स्वतः सांगतो, म्हणून फातिमा खोटी. पण बँकेत 'ही नोंद मीच खोटी केली' असे कुणी येऊन सांगितले तरी आम्ही तेवढ्यावर नोंद उलटी फिरवत नसू. आधी व्हाउचर काढत असू. सांगणारा खोटी कबुलीही देऊ शकतो.

मी कपाटातून 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' काढले. मा. गो. माळी यांनी संपादित केलेला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली काढलेला हा ग्रंथ. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. पहिले १० ऑक्टोबर १८५६ चे, नायगावहून लिहिलेले. आजारपणामुळे त्या माहेरी होत्या आणि पुण्यातल्या कामाची काळजी त्यांना लागून राहिली होती. माझ्या गैरहजेरीत फातिमेवर भार पडत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, अशा अर्थाचे वाक्य त्या पत्रात आहे. पुतणीने ते दोनदा वाचले. २०२५ साली ज्याने हे पात्र रचल्याचे सांगितले, त्याने ते १९८८ सालच्या छापील पुस्तकात कसे नेऊन ठेवले असेल? तारखांपुढे तारखा ठेवल्या की पुष्कळ भांडणे वितळतात.

पण एवढ्यावर मी तिला पुस्तक मिटू दिले नाही. त्या वाक्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही? फातिमा नावाची एक स्त्री होती, फुले दांपत्याच्या कामात होती, सावित्रीबाईंचा तिच्यावर विश्वास होता, एवढे जमा. ९ जानेवारी हा जन्मदिवस त्या पत्रात कुठे आहे? नाही. त्या तारखेला आधार देणारा त्या काळचा कागद अभ्यासकांपुढे आलेला नाही. गूगलने चित्र लावले म्हणून तारीख खरी होत नाही, आणि तारखेला आधार नाही म्हणून बाई खोटी ठरत नाही. नाव एका खात्यात, तारीख दुसऱ्या.

हे दुसरे खाते म्हणजे आमचे सस्पेन्स खाते. बँकेत काम केलेल्यांना ते ठाऊक असते. पैसे आले आहेत, पण कुणाचे ते नक्की नाही. किंवा नोंद आहे, पण पुरता तपशील नाही. अशी रक्कम फेकूनही देत नाहीत आणि कुणाच्या नावावर घुसडतही नाहीत. तपशील येईपर्यंत ती तिथे ठेवतात आणि दर महिन्याला त्या यादीकडे डोळे वटारून बघतात. शिक्षकाजवळ असे एक खाते असले पाहिजे असे मला फार वाटते. आमच्या मास्तरांकडे जमा आणि खर्च ही दोनच खाती होती. वर्गात ते कधी 'हे अजून नक्की नाही' असे म्हणाल्याचे आठवत नाही.

मग नगरकडे वळलो, आणि इथे मात्र माझ्याच अभिमानाची झडती निघाली.

सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईला आली आणि १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होती. १८६२ साली ती इथेच वारली. जोतीरावांनी तिच्या शाळा पाहिल्या आणि मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा त्यांना तिथे मिळाली, ही गोष्ट सांगोवांगी नाही. खुद्द जोतीरावांचे निवेदन 'ज्ञानोदय'च्या १५ सप्टेंबर १८५३ च्या अंकात छापून आले होते. स्वतः माणूस सांगतो, घटनेनंतर पाच-सहा वर्षांतच सांगतो आणि ते तेव्हाच छापले जाते. यापेक्षा चांगले व्हाउचर इतिहासात क्वचितच मिळते. योगायोग असा की हे 'ज्ञानोदय'ही मूळचे नगरचेच, १८४२ साली इथेच सुरू झालेले.

पण सावित्रीबाई स्वतः नगरला येऊन फरारबाईंच्या हाताखाली शिकल्या, हे? चरित्रे तसे सांगतात. मी स्वतः सभांतून कितीदा सांगितले आहे. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवले, केशव शिवराम भवाळकर हेही त्यांचे शिक्षक, पुण्याच्या नॉर्मल स्कूलचेही नाव येते. या सगळ्यात नगरच्या प्रशिक्षणाचा त्या काळचा हजेरीपट, दाखला किंवा पत्र कुणी छापलेले माझ्या पाहण्यात नाही. सांगणारे जबाबदार अभ्यासक आहेत, म्हणून नोंद फेकायची नाही. पण जोतीरावांच्या भेटीच्या शेजारी, त्याच ठसठशीत शाईत ती मांडायची नाही. 'चरित्रकार सांगतात' एवढे तीन इंचांचे कुंपण तिच्याभोवती घालायचे. पुतणीने टाचणात तसे लिहिले. मला, खरे सांगतो, जरा वाईट वाटले. आपल्या गावाची वस्तू आपल्याच हाताने सस्पेन्सला टाकायची म्हणजे सोपे नाही.

'पहिली' या शब्दाचेही असेच. भारतातली मुलींची पहिली शाळा, असे तिच्या टाचणात होते. अगं, फरारबाईंची शाळा पाहून जर ही निघाली, तर ही पहिली कशी, असे विचारल्यावर ती हसली. भारतीयांनी काढलेली पहिली म्हणावी, तर बंगालमध्ये बारासतला १८४७ सालीच एक निघाली होती. मग जोतीराव स्वतः काय म्हणतात? १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात ते फक्त पुण्याबद्दल बोलतात: मिशनऱ्यांची शाळा होती, एतद्देशीयांची नव्हती, म्हणून आपण काढली आणि आपण व आपली पत्नी तिथे मिळून काम करीत होतो. तिथे साल देतानाही ते 'सुमारे' म्हणतात. ज्याने शाळा काढली तो 'सुमारे' म्हणतो, आणि आपल्या मोबाइलवर १ जानेवारी १८४८ ही तारीख नि:शंकपणे चमकत असते. काही चरित्रांत तर ऑगस्ट १८४८ आहे. त्या माणसांचे मोठेपण या 'पहिली'वर टांगलेले नाही. सनातनी पुण्यात, वडिलांच्या घराबाहेर पडावे लागले तरी, शाळा चालू ठेवणे हे त्यांचे काम होते.

या सगळ्या खटाटोपात एक बारीक खूण मला सापडली, ती सांगून टाकतो. नेटवरच्या एका मजकुरात 'सावित्रीबाई अहिल्यानगर येथे शिकल्या' असे होते आणि खाली 'जुन्या दस्तऐवजातून' असा शेरा होता. शहराचे नाव बदलले २०२४ साली. तेव्हा तो दस्तऐवज फार फार तर दोन वर्षांचा, किंवा कुणी तरी जुन्यात हात घातलेला. आमच्याकडे तारण म्हणून येणाऱ्या जुन्या कागदावरचा स्टँप नंतरच्या सालाचा निघाला की असाच आनंद व्हायचा.

तुम्ही म्हणाल, शिकाऊ पोरीने एका तासासाठी एवढे करायचे कधी? मलाही तो प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर तिच्याच मोबाइलमध्ये सापडले. ती शिक्षकभरतीच्या पाच-सहा गटांत आहे. रोज तिथे कसली ना कसली पत्रके येतात: टीईटीची तारीख बदलली, पवित्र पोर्टलवर नोंदणी सुरू, अमुक जिल्ह्यात इतक्या जागा. "यातलं खरं कोणतं हे तू कसं ठरवतेस?" मी विचारले.

"सोपं आहे काका. शासन निर्णय असला तर खाली सांकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून बघायचा. तिथं नसला तर पत्रक खोटं. नुसत्या फोटोवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. मागं एका मैत्रिणीनं ठेवला आणि नोंदणीचे म्हणून पैसे भरून बसली."

म्हणजे विद्या तिला येत होती! पोटाशी आले की दोन मिनिटांत कार्ड काढून बघणारी मुलगी सावित्रीबाईंच्या बाबतीत मात्र तिसरी आद्याक्षरी ठोकून मोकळी झाली होती. तिला दोष देत नाही. मीही तेच केले होते.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू या संशोधकांनी २०१७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ४५ माणसे घेतली: १० इतिहासाचे डॉक्टर, १० बातम्यांची शहानिशा करणारे व्यावसायिक आणि त्याच विद्यापीठाचे २५ विद्यार्थी. त्यांना संकेतस्थळे दाखवून विश्वासार्हता ठरवायला सांगितली. इतिहासाचे डॉक्टर आणि विद्यार्थी पुष्कळदा फसले. ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत, त्याचा देखणेपणा, बोधचिन्ह, भारदस्त नाव पाहत. शहानिशा करणारे लोक मात्र पानावर क्षणभर थांबून लगेच बाहेर पडत आणि या पानाबद्दल इतर काय म्हणतात ते दुसरीकडे जाऊन बघत. नवख्या माणसाला कर्ज देताना त्याच्याच घरी चहा पीत बसायचे नसते; गल्लीतल्या किराणावाल्याला विचारायचे असते. आमचे जुने मॅनेजर हे विद्यापीठात न जाता करायचे. आता तर विचारताच गोड मराठीत उत्तर देणारी यंत्रेही आली आहेत. पुतणीने चॅटजीपीटीला घंटेबद्दल विचारले, तर त्याने घंटा मान्य केलीच, वर एका पुस्तकाचे नाव पान क्रमांकासह दिले. ते पुस्तक आम्हाला कुठल्याही ग्रंथसूचीत मिळाले नाही.

३ जानेवारीला शनिवार होता, सकाळची शाळा. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी मागच्या बाकावर बसलो. मला वाटले होते, घंटा काढल्यावर पाठ फिका पडेल. कादंबरीकाराचा गर्व, दुसरे काय. पण तिने सुरुवात केली ती सावित्रीबाईंपासून नव्हेच. तिने फळ्यावर लिहिले: मुक्ता. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली ही मुलगी. तिने आपल्या लोकांच्या दु:खाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'ने १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापला. "आता मला सांगा," पुतणी म्हणाली, "ही मुलगी लिहायला कुठं शिकली असेल?" वर्ग पुढे सरकला. सावित्रीबाई मग आल्या, मुक्ताच्या वहीतून. एका मुलीने विचारले, "बाई, मुक्ताचं पुढं काय झालं?" पुतणी क्षणभर थांबली. निरीक्षक मागे बसलेले, त्यांच्या हाती गुण. ती म्हणाली, "मला माहीत नाही. कुठं शोधायचं, ते आपण तासानंतर ठरवू."

निरीक्षकांनी किती गुण दिले ते तिने मला सांगितलेले नाही.

राहता राहिली घंटा. ज्या पानांवर ती आहे त्यांना मी रीतसर पत्रे लिहिली: सदर वस्तू काल्पनिक असून ती मी निर्माण केली आहे, कृपया काढून टाकावी. दोघांनी उत्तर दिले नाही. एकाने लगेच काढली, आभारही मानले. चौथ्याने उलट विचारले, "घंटा नव्हती याला तुमच्याकडे पुरावा काय?" मी त्याला माझ्या कादंबरीच्या त्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली सही केली. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला: "सर, तुमच्याआधीही हे प्रसिद्ध होते तर! कादंबरीकाराने ते कुठून तरी घेतलेच असेल." आता त्याच्या पानावर घंटेखाली आधार म्हणून माझे नाव दिलेले आहे.